रानभाजीचे शहाणपण

मृगाचा पाऊस स्थिरावला की टायकिळा, तेरे, किल्ल यांची आठवण गोमंतकीय जिभेला होतेच. स्वतः रानात जाऊन त्या खुडण्याची हौस स्तुत्य आहे. परंतु हौसेला जाणतेपणाची जोड हवी. तेऱ्यात आंबाडे वा सोले पडली नाहीत, तर घसा खाजतो. किल्लातील विष चिरून, भिजवून, उकळून आणि ते पाणी टाकूनच जाते. अळंब्यांना मात्र चूक क्षम्य नाही. काही विषारी जातींचे विष उकळूनही नष्ट होत नाही. ही विद्या आमच्या गावडा-कुणबी आयाबायांच्या हाती आहे. शाळांनी पावसाळ्यातून एक दिवस तरी त्यांना गुरुस्थानी बसवावे, असे आम्हास वाटते. ओळखीचे नाही ते खुडू नये, हा पहिला धडा त्याच देतील.