अर्धें तिकीट

१ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धांवली. १७ मार्च २०२३ पासून तिच्या गाड्यांत स्त्रियांस अर्धें तिकीट पडूं लागलें. ह्या सवलतीचा लाभ बाजारहाट, माहेर व देवदर्शन ह्यांसाठीं घेतला जातो, तें योग्यच. परंतु आमच्या आयांच्या बालमैत्रिणींचें काय? कोणाच्या घराची वास्तुशांत, कोणाच्या बाळाचा बाप्तिस्मा, आई मात्र "घरचें कोण पाहणार?" म्हणून मोबाईलवरच शुभेच्छा धाडते. भाडें निम्में झालें, घरकाम निम्में झालें नाहीं; खरी अडचण तीच. ती दूर करणें सरकारच्या नव्हे, आमच्याच हातीं आहे. म्हणून आमचें मत असें कीं, त्या दिवशींचा स्वयंपाक आम्हीं करावा आणि आईनें निश्चिंत मनानें गाडींत बसावें.