कमरेवरची अमानत

सन २०२४ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरच्या दिवशी, बर्लिन शहरातील ऊबर अरेना नामक विशाल प्रेक्षागृहात, व्हिएन्नात जन्मलेला परंतु जर्मनीच्या छोट्या-मोठ्या सभागृहांत ज्याची मल्लविद्या घडली असा गुंथर नावाचा धिप्पाड मल्ल रँडी ऑर्टन या नामांकित अमेरिकन प्रतिस्पर्ध्यास नमवून, जागतिक विजेतेपदाचा सोनेरी पट्टा दोन्ही हातांनी मस्तकावर धरून उभा राहिला. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कंपनीचा या दर्जाचा सोहळा जर्मन भूमीवर प्रथमच होत होता. या प्रसंगाची वार्ता ऐकून माझ्या परिचयातील एका सुविद्य मराठी गृहस्थांनी मला विचारले की, ज्या कुस्तीचा निकाल फड भरण्यापूर्वीच मुक्रर झालेला असतो, त्या नुरा कुस्तीतल्या पट्ट्याची किंमत ती काय धरायची? प्रश्न रास्त होता आणि त्याला तिथल्या तिथे उत्तर देणे मला साधले नाही; म्हणून ते येथे सविस्तर देत आहे.

आपल्याकडे मल्लाच्या पराक्रमाचे चिन्ह म्हणजे गदा. सन १९६१ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरीच्या मैदानात जो मल्ल अखेरची कुस्ती जिंकतो त्याच्या खांद्यावर ती विराजमान होते. तो ती गावी नेतो, गाव त्याची मिरवणूक काढतो, आणि पुढे ती त्याच्या घरात, देव्हाऱ्याशेजारी किंवा काचेच्या कपाटात, पिढ्यान् पिढ्या राहते. पुढल्या वर्षी दुसऱ्याने मैदान मारले तरी पहिल्याच्या घरची गदा कोणी मागायला येत नाही. जुन्या महसुली दप्तराच्या भाषेत सांगायचे तर गदा हे इनाम आहे: एकदा दिले की दिले, त्याची सनद वंशपरंपरेने चालते. पाश्चात्य देशांतला पट्टा मात्र निराळ्या जातीचा. तो ज्याच्या कमरेला बांधला जातो त्याच्या मालकीचा तो होत नाही. ज्या क्षणी तो मिळतो त्याच क्षणापासून तो परत करण्याची जबाबदारी त्याजबरोबर येते, आणि ठरावीक मुदतीत, लायक प्रतिस्पर्ध्यासमोर, पुन्हा पुन्हा तो पणाला न लावणारा मल्ल आपल्या पदास अपात्र समजला जातो. अशा वस्तूला आपल्या भाषेत अमानत हाच शब्द आहे. पट्ट्याची किंमत करावयाची ती सोन्याच्या तोळ्यांवरून करू नये, ती अमानत राखणारांच्या इमानावरून करावी, असे माझे मत आहे.

धातूचाच हिशेब करू म्हटले तर तो निराशाजनक ठरेल. रेजी पार्क्स नावाचा एक मल्ल, जो पुढे या विद्येतला सर्वांत ख्यातनाम कारागीर झाला, त्याने आणि त्याच्या परंपरेतील कारागिरांनी जे पट्टे घडविले त्यांतील बहुतेक जस्ताच्या किंवा पितळेच्या पत्र्यावर तेजाबाने नक्षी कोरून, त्यावर सोन्याचा मुलामा चढवून आणि तो पत्रा जाड चामड्यावर ठोकून तयार केलेले होते. सराफाच्या काट्यावर त्यांचे वजन पुष्कळ भरेल, मोल थोडे. तरीही त्यांच्यासाठी माणसांनी माना मोडून घेतल्या, गुडघे कायमचे अधू करून घेतले, आणि एकमेकांविरुद्ध कज्जे केले.

पट्ट्याशी आपला संबंध तर फार जुना आहे. सन १९१० मध्ये गामा पैलवान लंडनला गेला, तेथे जॉन बुल पट्ट्यासाठी त्याची गाठ स्टानिस्लाउस झ्बिश्को या पोलिश मल्लाशी पडली. १० सप्टेंबरच्या त्या कुस्तीत गामाच्या पहिल्याच झपाट्याने खाली गेलेला झ्बिश्को अडीच तासांहून अधिक काळ मॅटला घोरपडीसारखा चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली; आठवड्याने पुन्हा मैदान ठरले तेव्हा तो फिरकलाच नाही, आणि पट्टा गामास देण्यात आला. पराधीन देशाच्या एका मल्लाच्या कमरेला साम्राज्याच्या राजधानीत पट्टा बांधला जावा, या घटनेचा अभिमान लाहोरपासून कोल्हापूरपर्यंतच्या तालमींनी अनेक पिढ्या बाळगला. सन १९२८ मध्ये पतियाळा येथे याच दोघांची पुन्हा गाठ पडली तेव्हा गामाने त्यास एका मिनिटाच्या आत आस्मान दाखविले.

परंतु झ्बिश्कोची दुसरी एक कथा आपल्याकडे कमी सांगितली जाते, आणि माझ्या प्रतिपादनास तीच अधिक उपयोगी आहे. १९२५ साली अमेरिकेतील कुस्ती पुरती व्यावसायिक झालेली होती, निकाल ठरवून लागत होते, आणि आयोजकांनी वेन मन या फुटबॉलच्या मैदानावरून आलेल्या, अंगाने प्रचंड परंतु विद्येने कच्च्या तरुणास जागतिक विजेता करून ठेविले होते. १५ एप्रिल रोजी फिलाडेल्फिया येथे झ्बिश्कोने त्याच्याकडून हार पत्करावयाची, असा करार होता. वयाची पंचेचाळिशी ओलांडलेल्या झ्बिश्कोने आखाड्यात उतरल्यावर तो करार झुगारला आणि मनला खरोखरीची कुस्ती करून पुन्हा पुन्हा इतक्या स्पष्टपणे चीत केले की, पंचाला विजेतेपद त्यास बहाल करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. आता यात इमानदार कोण आणि बेइमान कोण? खऱ्या कुस्तीच्या दृष्टीने पाहता श्रेष्ठ मल्लास त्याचा हक्क मिळाला. व्यवसायाच्या दृष्टीने पाहता ती अमानतीत खयानत झाली. मला स्वतःला झ्बिश्कोचे कृत्य समर्थनीय वाटत नाही, कारण त्याने शब्द देऊन तो मोडला. पण ज्या आयोजकांनी विद्या नसलेल्या माणसाच्या कमरेला पट्टा बांधला त्यांनी खयानत आधीच केलेली होती, हेही तितकेच खरे आहे. लुटुपुटूची म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या कुस्तीत पट्टा कोणाच्या स्वाधीन करावा हा प्रश्न त्यामुळेच खऱ्या कुस्तीपेक्षा नाजूक बनतो. खऱ्या मैदानात निवड बळ करते, येथे ती माणसाने विवेकाने करावयाची असते.

पुढे १९४८ साली अमेरिकेतील प्रांतोप्रांतीच्या आयोजकांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स हा संघ स्थापिला, आणि त्याच्या विजेत्याकडून पट्ट्यापोटी अनामत रक्कम घेण्याचा प्रघात पडला. ही रक्कम पुढे २५,००० डॉलरपर्यंत गेली. अमानत आणि अनामत हे दोन्ही शब्द आपण एकाच मुळातून घेतले आहेत, याचे स्मरण या ठिकाणी झाल्यावाचून राहात नाही. १९९१ साली रिक फ्लेअर या सुप्रसिद्ध विजेत्याचा आपल्या संस्थेशी बेबनाव झाला, त्याची रक्कम त्यास परत मिळाली नाही, तेव्हा तो पट्टा घेऊनच प्रतिस्पर्धी कंपनीच्या पडद्यावर प्रकटला आणि प्रकरण वकिलांकडे गेले. ज्याला जग बनावट म्हणत होते त्या चामड्याच्या तुकड्यावरून दोन धनाढ्य कंपन्या न्यायालयापर्यंत जाऊ शकतात, एवढी त्याची किंमत त्या व्यवसायातल्यांना पटलेली होती.

जर्मनीचा इतिहास याहून सौम्य आणि मला अधिक प्रिय आहे. या देशात या कुस्तीला जुने लोक अद्यापि ‘कॅच’ म्हणतात. हॅम्बुर्गच्या हायलिगेनगाइस्टफेल्डवर, हॅनोव्हरच्या शुत्सेनप्लात्सवर, आणि आपल्या पुण्याशी ज्याचा दीर्घकाळचा स्नेहसंबंध आहे त्या ब्रेमेन शहरात, एकाच ठिकाणी आठवडेच्या आठवडे हे फड चालत. रोज संध्याकाळी तेच मल्ल रांगेने आखाड्यात येऊन प्रेक्षकांस अभिवादन करीत. कुस्ती फेऱ्यांमध्ये विभागलेली असे, आणि गावातले कामगार, दुकानदार, पेन्शनर ठरावीक बाकावर बसून, आपल्याकडे जत्रेतल्या तमाशाला जावे तसे, पुनःपुन्हा येत. ग्राझचा ऑटो वान्झ हा या काळातला महापुरुष. जाडजूड टेलिफोन डिरेक्टऱ्या हातांनी फाडून दाखविणाऱ्या या अजस्र पण मायाळू ऑस्ट्रियन मल्लाने कॅच रेसलिंग असोसिएशन ही संस्था उभी केली आणि पुष्कळ वर्षे तिचा पट्टाही स्वतः मिरविला. २९ ऑगस्ट १९८२ रोजी अमेरिकेतील सेंट पॉल येथे निक बॉकविंकल यास हरवून तो तेथील एका प्रमुख संस्थेचाही जागतिक विजेता झाला, आणि ९ ऑक्टोबर रोजी ते पद त्याने त्यालाच परत दिले. मालकाने स्वतःच्याच कमरेला पट्टा बांधून घ्यावा हे मला सर्वस्वी रुचत नाही. परंतु वान्झने आपल्या संस्थेचा तो पट्टा लिऑन व्हाइट या अमेरिकन तरुणाच्या हवाली केला, आणि तोच तरुण पुढे व्हेडर या नावाने १९८९ साली जपान, मेक्सिको आणि युरोप अशा तीन खंडांतली विजेतेपदे एकाच वेळी धारण करता झाला, तेव्हा वान्झने अमानत योग्य हाती दिली असेच म्हणावे लागेल.

हॅनोव्हरच्या ज्या मैदानावर या फडांचे तंबू उभे राहात ते मूळचे नेमबाज मंडळांच्या वार्षिक उत्सवाचे मैदान. या उत्सवांची एक चाल जर्मनीच्या गावोगावी आढळते. वर्षातला उत्कृष्ट नेमबाज हा ‘राजा’ ठरतो, त्याच्या गळ्यात मंडळाची रुपेरी साखळी पडते, आणि वर्ष संपताना ती पुढच्याच्या स्वाधीन करण्यापूर्वी तो आपल्या नावाचे व सालाचे एक चांदीचे पान तिला जोडून देतो. अशा साखळ्या पिढ्यांमागून पिढ्या जड होत जातात. पुढे पुढे तर राजाला मान वाकवून ती वागवावी लागते. आमच्या देवस्थानांतून मुखवट्यावर वाढत जाणाऱ्या अलंकारांची मला येथे आठवण होते. हे नेमबाज व्यावसायिक नसतात, त्यांच्या राजेपणाला राज्य नसते, पण त्या साखळीला खोटी म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही, कारण तिच्यावर नावे आहेत.

कुस्तीच्या पट्ट्याचे दुर्दैव नेमके हेच की त्यावर नावे राहात नाहीत. विजेत्याच्या नावाची लहानशी पट्टी नव्या पट्ट्यांना स्क्रूने बसवितात खरी, पण विजेता बदलताच ती काढून टाकतात. आणि चार-सहा वर्षांत कंपनीला नवी नक्षी, नवे बोधचिन्ह हवेसे वाटले की अख्खा पट्टाच बदलतात. बर्लिनमध्ये गुंथरने जो उंच धरला तो तरी कितीसा जुना? त्या विजेतेपदाची घोषणा २०२३ च्या एप्रिलमध्ये झालेली. म्हणजे ‘जागतिक’ हे विशेषण धारण करणारी ती वस्तू दीड वर्षाचीही नव्हती, आणि त्याच कंपनीत दुसरा एक जागतिक दर्जाचा पट्टा दुसऱ्या मल्लाच्या कमरेला होता. शिवाय कोणत्याही खेळातला संघ जिंकला की त्यास भेट म्हणून पट्टा पाठवावा, त्याच्या प्रतिकृती हजारोंनी विकाव्यात, हा व्यापार चालतो तो निराळाच. लहान मुलांनी प्लास्टिकचे पट्टे बांधून गाद्यांवर कोलांट्या घ्याव्यात, यास माझी बिलकूल हरकत नाही, उलट ते पाहून मन प्रसन्न होते. हरकत आहे ती प्रौढांनी सनदा खिरापतीसारख्या वाटण्याला. संस्थाने वाढली की तोफांच्या सलामीची किंमत उतरते.

याच गुंथरने उलट दाखलाही घालून दिला आहे, म्हणून त्याच्याविषयी मला आदर वाटतो. १९७९ साली सुरू झालेले आणि मधल्या काळात पुरते अवकळलेले इंटरकॉन्टिनेन्टल विजेतेपद १० जून २०२२ रोजी त्याच्याकडे आले, आणि त्याने ते ६६६ दिवस वागविले; पूर्वीचा उच्चांक ४५४ दिवसांचा होता. या अवधीत तो प्रत्येक लढतीत असा उतरला, जणू त्या पट्ट्यावाचून जगात अन्य काही प्राप्तव्य नाही. छातीवर बसणाऱ्या त्याच्या तळहाताच्या तडाख्यांनी प्रतिस्पर्ध्यांची कातडी लालबुंद होई, आणि ती काही करारात लिहिलेली लाली नव्हे. त्याआधी याच कंपनीच्या ब्रिटिश शाखेचा पट्टा त्याने ८७० दिवस सांभाळला होता, तो ऑगस्ट २०२१ मध्ये इल्या द्रागुनोव्ह या, मॉस्कोत जन्मून जर्मनीत वाढलेल्या, मल्लाने त्याजकडून घेतला. हे दोघेही र्‍हाइन-रूर प्रांतात २००० साली स्थापन झालेल्या वेस्टसाइड एक्स्ट्रीम रेसलिंग या संस्थेच्या आखाड्यातून वर आलेले. ओबरहाउझेनच्या टुर्बिनेनहालेत, जेथे पूर्वी पोलादाच्या कारखान्याला वीज पुरविणारी यंत्रे घुमत, तेथे दर वसंतात ही संस्था ‘सिक्स्टीन कॅरट गोल्ड’ ही स्पर्धा भरविते. २००६ पासून चालत आलेल्या या स्पर्धेचे विजेतेपद ज्याच्या नावे लागते, त्याची नोंद प्रेक्षक तोंडपाठ ठेवतात. साखळीवर जे काम चांदीची पाने करतात, ते येथे हजार-दीड हजार माणसांची स्मृती करते.

म्हणून माझी मागणी दोन ठिकाणी आहे. आयोजकांनी पट्टे थोडे ठेवावेत, नक्षी बदलू नये, आणि विजेत्याच्या नावाची पट्टी काढून फेकण्याऐवजी ती चामड्याच्या आतल्या अंगाला, सालासह, कायमची ठोकावी. पट्टा जड झाला तर होऊ द्यावा. आणि हॅनोव्हर, हॅम्बुर्ग, ब्रेमेन येथील नगरसंग्रहालयांनी, या शतकाच्या उंबरठ्यावर वान्झची संस्था बंद पडल्यावर जे पट्टे, जी भित्तिपत्रके, जी कार्यक्रमपत्रके जुन्या मल्लांच्या आणि त्यांच्या वारसांच्या घरी पडून असतील, ती मागून घ्यावीत. त्या तंबूंत ज्यांनी रात्री घालविल्या ते लोक आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि कोणत्या संध्याकाळी पट्टा कोणाकडून कोणाकडे गेला हे सांगू शकणारे त्यांच्यावाचून थोडेच उरले आहेत.

ओबरहाउझेनला मी जे पाहिले त्यातले एक दृश्य त्या सुविद्य गृहस्थांना सांगावयाचे राहिले. विजेतेपदाची कुस्ती सुरू होण्यापूर्वी विजेता स्वतःच्या हाताने पट्टा सोडतो आणि पंचाकडे देतो. पंच तो उंच धरून चारी दिशांना फिरून दाखवितो, मग कठड्याबाहेरच्या मेजावर नेऊन ठेवण्यासाठी देतो. निकाल कागदावर कोणताही लिहिलेला असो, त्या मेजावर पट्टा पडलेला असतो तेवढा वेळ तो कोणाचाच नसतो. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या जर्मन बाईंची नजर कुस्ती संपेपर्यंत आखाड्याइतकीच त्या मेजाकडेही जात होती.