कापूस स्वस्त, म्हणून पोरगाही स्वस्त



१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, शेजारी बजाजनगर वसले. तिथल्या खोल्यांत दाटीवाटीने आपलीच पोरे राहतात. सरकार याला विकास म्हणते. आम्ही याला हकालपट्टी म्हणतो!

१९ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, ते थेट डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमके आपली वेचणी चालू असताना! घरी कापूस तोट्यात आहे, हे ठेकेदाराला ठाऊक असते. म्हणून तो देईल त्या पगारावर पोरगा राबतो.

बिहारी मजुराने रोजगार पळवला, असे पुढारी सांगतील. फसू नका. तोही शेतकऱ्याच्याच घरचा. ८ मे २०२० ला करमाडजवळ १६ मजूर रुळांवर मालगाडीखाली गेले. टाळेबंदीत जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावाकडे पायी निघालेले. गावात पोट भरले असते, तर ते घर सोडून आले असते का?

त्याला हाकलून आपल्या पोराचा पगार वाढणार नाही. कापूस-ज्वारीला खर्च भरून निघेल असा भाव मिळाला, तरच पोरगा ठेकेदाराला ‘नाही’ म्हणू शकेल. सुगीच्या तोंडावर आयात बंद करा, हे जिल्हा बैठकीत एकमुखाने मागू या.