निर्वाण : एका शब्दाची विटंबना

'निर्वाण' हा शब्द आमच्या सुशिक्षित घरांतून हल्ली ज्या अर्थांनी वापरला जातो, त्यांपैकी एकही अर्थ भगवान बुद्धांनी त्यास दिलेला नव्हता, हे स्पष्ट सांगणे आम्हांस अवश्य वाटते. कोणी थोर पुरुष दिवंगत झाला की त्याचे 'निर्वाण' झाले असे लिहितात. दोन राष्ट्रांची बोलणी फिसकटली की वर्तमानपत्रांत 'निर्वाणीचा इशारा' झळकतो. आणि अलीकडे सुगंधी तेलाने अंग चोळून देणारी ठिकाणे, डोंगरउतारावरील बंगल्यांच्या वसाहती, फार काय मद्यालये यांच्या दारांवरही हीच अक्षरे दिसू लागली आहेत. मरण, धमकी आणि चैन! एका शब्दाने किती सोसावे?

शब्दांचे अर्थ पालटूच नयेत असा हट्ट धरणारे आम्ही नव्हे. 'निर्वाणीचा प्रसंग' हा प्रयोग मराठीत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला असून तो कोणासही फसवीत नाही. जैन बंधू दिवाळीस महावीरांचे निर्वाण स्मरतात; देहाचा शेवट आणि अंतिम मुक्ती ही तेथे एकाच वेळची मानलेली असल्याने त्यातही वावगे काही नाही. आमची तक्रार निराळी आहे. बौद्ध धर्माविषयी बोलताना निर्वाण म्हणजे मरण किंवा शून्य असे आपण गृहीत धरतो, आणि त्या गृहीताच्या बळावर त्या सबंध धर्मास निराशावादी, पळपुटा, राष्ट्रास दुबळे करणारा ठरवून मोकळे होतो. हा केवळ शब्दाचा गैरवापर नव्हे. पुरावा न पाहता दिलेला हा निकाल होय.

पुरावा तर अगदी उघड्यावर पडलेला आहे. परंपरेप्रमाणे उरुवेला येथे बोधी प्राप्त झाली तेव्हा गौतमांचे वय ३५ वर्षांचे होते, आणि कुसिनारा येथे शालवृक्षांखाली त्यांनी देह ठेवला तेव्हा ८०. निर्वाण म्हणजे मरणच असेल, तर मधली ४५ वर्षे मगध-कोसलाच्या वाटा पायी तुडविणारा, उपाली न्हाव्यास व केरकचरा उचलणाऱ्या सुनीतास संघात घेणारा, लिच्छवींचे आमंत्रण बाजूस सारून आम्रपाली गणिकेच्या घरी भोजनास जाणारा तो कोण होता? पाली ग्रंथकारांना ही अडचण पडलीच नाही, कारण त्यांनी दोन अवस्था स्वच्छ वेगळ्या करून ठेविल्या आहेत. देह आणि इंद्रिये चालू असतानाचे ते 'सउपादिसेस' निर्वाण. देहपातानंतरचे ते 'अनुपादिसेस'. पुढे परिनिर्वाण हा शब्द बहुधा दुसऱ्यास लागू लागला. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात उजव्या कुशीवर पहुडलेली जी भव्य मूर्ती आहे, ती ह्या परिनिर्वाणाची. ती पाहून आलेले प्रवासी 'बुद्धाचे निर्वाण पाहिले' असे सांगतात. वस्तुतः त्यांनी पाहिला तो शेवट; निर्वाणाचा आरंभ ४५ वर्षे आधीचा.

शब्दाची घडणही बोलकी आहे. 'वा' म्हणजे वाहणे, ह्या धातूपासून तो आला. पाणिनीने त्यासाठी एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातले असून वाऱ्याविषयी बोलताना हे रूप होत नाही असे बजाविले आहे. काशिकाकारांनी दिलेली उदाहरणे म्हणजे विझलेला अग्नी, विझलेला दिवा आणि निर्वाण पावलेला भिक्षू. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की, भिक्षूच्या ठायी विझले काय? याचे उत्तर गयाशीर्ष टेकडीवर दिलेल्या उपदेशात सापडते. समोर बसलेले काश्यप बंधू व त्यांचे हजार जटाधारी अनुयायी हे कालपर्यंत अग्नीची सेवा करणारे. त्यांस बुद्धांनी त्यांच्याच परिचयाच्या भाषेत सांगितले, की डोळा जळतो आहे, कान जळतो आहे, मन जळते आहे. आणि ही आग राग, द्वेष व मोह यांची आहे. पालीत 'उपादान' म्हणजे आसक्ती आणि 'उपादान' म्हणजेच जळणही. सरपण सारणे थांबविले की चूल आपोआप विझते, आणि चूल विझल्याने घर मेले असे कोणी म्हणत नाही.

निर्वाण म्हणजे उच्छेद, ही शंका नवी नाही. यमक नावाच्या एका भिक्षूनेच ती उचलून धरली होती, आणि सारिपुत्ताने त्यास प्रश्नामागून प्रश्न विचारून ती सोडावयास लाविली. वच्छगोत्त परिव्राजकाने मुक्त पुरुष मरणानंतर कोठे जातो असे विचारिले, तेव्हा बुद्धांनी उलट पुसले की, विझलेली आग पूर्वेस गेली की पश्चिमेस? प्रश्नच लागू पडत नाही, हे वच्छगोत्तास कळले. आमच्या विद्वानांस ते कळले नाही, कारण त्यांनी बुद्धास वाचिले ते बार्थेलेमी सेंट-हिलेअर प्रभृती एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पंडितांच्या मार्फत, ज्यांस निर्वाणात सर्वनाशाखेरीज काही दिसले नाही. युरोपात ह्या मताची झडती पुढे पुष्कळ झाली. पूसँ यांचा ग्रंथ १९२५ सालचा, त्याचा समाचार घेणारा श्चेर्बात्स्की यांचा १९२७ चा. आपल्याकडे मात्र जुनेच मत उष्टावळीसारखे चालत आले.

चैनीच्या अर्थाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. अमेरिकेत १९८७ साली निघालेल्या एका कर्कश वाद्यवृंदाने पुढे हे नाव घेतले, त्याने निदान कोणास सुख विकले नाही. त्याच्या गाण्यांत जळजळच होती. परंतु इच्छा चेतविणे हाच ज्यांचा धंदा, त्यांनी इच्छा विझण्याचे नाव दारावर लावावे, हा जळणाच्या वखारीवर अग्निशामक दलाची पाटी लावण्याचा प्रकार झाला.

मराठी वाचकांस तर अज्ञानाची सबबही नाही. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी सिंहलद्वीपात जाऊन पाली आत्मसात केली आणि मूळ ग्रंथांतील बुद्ध मराठीत आणून ठेविला. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, मृत्यूनंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, निर्वाण म्हणजे धम्ममार्गाने चालता येईल इतका विकारांवरील ताबा, आणि ते ह्याच जगात, जिवंत माणसाच्या सुखासाठी, असे निःसंदिग्धपणे मांडिले. ह्या व्याख्येत जुन्या ग्रंथांतील 'अजात', 'अमृत' अशा वर्णनांना पुरेशी जागा मिळत नाही असे आम्हांस वाटते, आणि त्यावर वाद व्हावा. पण वाद घालण्यास आधी वाचावे लागते. दरवर्षी ६ डिसेंबर ह्या महापरिनिर्वाण दिनी लाखो माणसे दादरच्या चैत्यभूमीवर येतात. आमची सुशिक्षित मंडळी त्या दिवशी रस्ते अडल्याची तक्रार करीत घरी बसतात. शिवाजी पार्कावर त्याच दिवशी पुस्तकांची दुकाने ओळीने मांडलेली असतात, आणि तो ग्रंथ तेथे मराठीत मिळतो.