तळघरातली तालीम

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात 1953 ते 1956 या काळात जेम्स लॉसन नावाचे एक कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण मुलांकडून खेळाचा सराव करून घेत. मेथडिस्ट चर्चने त्यांना पाठवलं होतं. कोरियाच्या युद्धावेळी सैन्यभरतीला नकार दिला म्हणून ते आधीच वर्षभराहून जास्त तुरुंगात राहून आले होते. इथे गांधींचा सत्याग्रह नीट समजून घ्यायचा, हाही त्यांचा हेतू होता. 1955 च्या डिसेंबरात त्यांनी ‘नागपूर टाइम्स’ उघडला, तर त्यात माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी शहरातल्या बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी!

मायदेशी परतल्यावर, 1957 मध्ये, त्यांची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी भेट झाली. शिक्षण पूर्ण होण्याची वाट पाहू नका, दक्षिणेत लगेच या, असा किंग यांचा आग्रह पडला. लॉसन टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला गेले आणि तिथल्या चर्चच्या तळघरात त्यांनी कॉलेजच्या मुलामुलींची तालीम सुरू केली.

तालीम म्हणजे अक्षरशः तालीम. खुर्च्या ओळीने मांडायच्या. काहींनी गिऱ्हाईक व्हायचं, बाकीच्यांनी गुंड. गुंडांनी शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, तोंडावर सिगरेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून ढकलून द्यायचं. गिऱ्हाइकाने हात उचलायचा नाही. डोकं कसं वाचवायचं आणि मारणाऱ्याच्या नजरेला नजर कशी द्यायची, एवढंच शिकायचं. अलाबामातल्या शेतकरी घरातले जॉन लुईस त्यात होते. शिकागोहून फिस्क विद्यापीठात आलेल्या डायान नॅश होत्या. हे असलं काही चालेल यावर नॅश यांचा सुरुवातीला विश्वासच नव्हता, तरी त्या येत राहिल्या.

आजच्या एखाद्या देणगीदार संस्थेचा अधिकारी तिथे डोकावला असता, तर अहवालात लिहायला त्याला फारसं काही मिळालं नसतं. बॅनर नाही, पाहुणे नाहीत, ‘लाभार्थी’ मोजके. वर्णद्वेषविरोधी दिन साजरा करायला एक दुपार पुरते. शिवी ऐकूनही जागचं न हलणारा विशीतला मुलगा घडवायला मात्र महिने लागतात, आणि त्या महिन्यांचे फोटो निघत नाहीत.

1 फेब्रुवारी 1960 रोजी ग्रीन्सबरो इथे चार विद्यार्थी ‘वूलवर्थ’ दुकानातल्या फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. तेव्हा नॅशव्हिलची मुलं तयारच होती. आदल्या नोव्हेंबर आणि डिसेंबरात त्यांनी दोन दुकानांत चाचपणीसुद्धा करून घेतली होती. वडीलधारे मात्र कचरले. स्थानिक ख्रिस्ती नेत्यांच्या संघटनेकडे जामिनासाठी शंभर डॉलरही नव्हते. थोडं थांबा, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलं थांबली नाहीत.

पुढे वडीलधाऱ्यांनी जे केलं ते मोलाचं आहे. ऐकलं नाहीत, आता भोगा, असं ते म्हणाले नाहीत. 27 फेब्रुवारीला 81 विद्यार्थ्यांना अटक झाली, तेव्हा झेड. अलेक्झांडर लूबी यांच्यासह कृष्णवर्णीय वकील कोर्टात उभे राहिले. घराघरांतल्या बायकांनी ईस्टरच्या तोंडावर शहरातल्या बड्या दुकानांतली खरेदी बंद केली. दुकानदारांना ती भाषा बरोबर कळली. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने तिथे शिकत असलेल्या लॉसन यांना काढून टाकलं. 19 एप्रिलला लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारोंचा मोर्चा नगरभवनावर गेला. पायऱ्यांवर नॅश यांनी महापौरांना सरळ विचारलं, केवळ रंगावरून माणसात भेद करणं तुम्हाला योग्य वाटतं का? महापौर बेन वेस्ट यांना ‘नाही’ म्हणावं लागलं. 10 मे रोजी नॅशव्हिलमधले काउंटर कृष्णवर्णीयांसाठी खुले होऊ लागले.

त्याच एप्रिलमध्ये रॅली शहरातल्या शॉ विद्यापीठात 56 वर्षांच्या एला बेकर यांनी ठिकठिकाणच्या विद्यार्थ्यांना एकत्र आणलं. खर्चासाठी किंग यांच्या संघटनेकडून 800 डॉलर मिळाले होते. पैसे आमचे, तेव्हा मुलांनी आमची युवा शाखा व्हावं, असं त्या संघटनेतल्या काहींना वाटत होतं. बेकर स्वतः तिथे पगारी कार्यकारी संचालक, तरीही त्यांनी या बेताला ठाम विरोध केला. मुलांची स्वतंत्र समन्वय समिती झाली आणि बेकर यांनी थोड्याच दिवसांत ती नोकरी सोडली. तरुणांना मदत करणारे पुष्कळ असतात. मदत करून लगाम हाती न घेणारे फार थोडे.

समितीचे कार्यकर्ते मिसिसिपीत गेले ते आठवड्याला दहा डॉलरवर. बेकर यांनीच धाडलेले बॉब मोझेस तिथे पेट्रोल पंप चालवणाऱ्या ॲम्झी मूर यांना भेटले. काउंटरपेक्षा इथे मतदार नोंदणीची गरज आहे, हे मूर यांनी त्यांना पटवलं. 1964 च्या उन्हाळ्यात त्याच राज्यात 40 हून अधिक ‘फ्रीडम स्कूल’ भरल्या. गरीब शेतकरी कुटुंबांनी स्वतःची घरं धोक्यात घालून समितीच्या पोरांना जेवूखाऊ घातलं.

उत्तरेकडच्या उदार गोऱ्या देणगीदारांचं वागणं वेगळं निघालं. काउंटरवर निमूट मार खाणाऱ्या मुलांना त्यांनी पैसे पाठवले होते. जानेवारी 1966 मध्ये त्याच समितीने व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध केला, तेव्हा अनेकांनी हात आखडता घेतला. समितीतले ज्युलियन बाँड जॉर्जियाच्या विधानसभेवर निवडून आले होते. युद्धविरोधाला पाठिंबा दिला म्हणून सभागृहाने त्यांना बसू दिलं नाही. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बाँड यांच्या बाजूने निकाल दिला आणि जानेवारी 1967 मध्ये त्यांनी जागा घेतली. समितीची तिजोरी तोवर आटत चालली होती.