टाके एकटीलाच का?



कुटुंब नियोजन म्हटलं की आपल्यातले काही जण भडकतात. गरिबांची पोरं मोजायचा वरच्यांचा धंदा, म्हणतात. राग खोटा नाय. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. धरून नेले त्यांत गरीब, दलित, मुसलमान जास्त. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते मेलं. २०१४ साली छत्तीसगडात बिलासपूरजवळ एकाच शिबिरात काही तासांत ८३ बायांची ऑपरेशनं उरकली. त्या दिवसांतल्या तिथल्या शिबिरांत दहावर बाया मेल्या.

पण सरकारनं काठी उगारली म्हणून हक्क सरकारचा होत नाही. ही मागणी आपली आहे, रत्नागिरीच्या मातीतल्या माणसांनी केलेली. दापोली तालुक्यातल्या मुरुडचं कर्वे घराणं. त्यातल्या र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र उघडलं. पुढे त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगडातलं आंबडवे. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात ठराव आला : सरकारनं संततिनियमनाचा प्रचार करावा, साधनं पुरवावीत. भाषण बाबासाहेबांचं, मांडलं पी. जे. रोहम यांनी. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एकावर दुसरं मूल कुणी मागितलं नसतं, असं त्यात सुनावलं होतं. सभागृहानं ठराव पाडला.

आणि आज? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या हजार विवाहित बायांमागे ३७९ जणींचं ऑपरेशन झालेलं. पुरुष नसबंदी हजारी ३. मंचावर आपण समतेच्या घोषणा देतो, आणि पोट कापून घ्यायला बायकोला पाठवतो.

मी गोदीत ओझी वाहतो. तिथं जो तो सांगतो, नसबंदी केली की कंबर गेली, गोणी उचलत नाय. साफ खोटं. बीज वाहणारी नळी तेवढी बंद होते; ताकद देणारा रस रक्तात जात राहतो. बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते. आठवडाभर जड उचलायचं नाय आणि तीन महिने निरोध वापरायचा, एवढंच पथ्य. बाईच्या ऑपरेशनपेक्षा ही सोपी आणि कमी धोक्याची.

गावाकडची अडचण वेगळी. खेड, मंडणगड, संगमेश्वरच्या बौद्धवाड्यांतला पुरुष मुंबईला. येतो शिमग्याला, मे महिन्यात, आठ-पंधरा दिवस. तेवढ्यासाठी ती वर्षभर रोज गोळी गिळणार काय? निरोध मागायचा तर दुकानदार साऱ्या गावाला ओळखणारा. आशाताईकडून घ्यायचा तर ती नात्यातली. मग लाजेपायी दिवस राहतात. सरकारी आरोग्य केंद्रात तांबी आहे, तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शन आहे, आठवड्याची ‘छाया’ गोळी आहे, सगळं फुकट. पण काय काय आहे, कशाचा त्रास काय, हे तिला बसून कोण सांगतं? सज्ञान बाईला तांबी, ऑपरेशन किंवा १९७१ च्या कायद्यातल्या गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागत नाही, हे तरी कोण सांगतं?

ते आपण सांगायचं. येत्या मे महिन्यात गावी जाल तेव्हा वाडीची बैठक घ्या. बायांची वेगळी, नर्सबाईंना बोलावून. पुरुषांची वेगळी, आणि तिथं लाज न धरता आपणच बोलायचं. निरोधची पाकिटं मुंबईहून पिशवीत न्या. कुणाला केंद्रात जायचं असेल तर सोबत जा, सगळे उपाय समजावून मिळेपर्यंत हलू नका. कुणावर जबरदस्ती नाय. मूल हवं म्हणणारीलाही तेवढाच हक्क. किती मुलं, कधी, हे तिच्या तोंडून ठरू द्या. आणि पाळणा थांबवायचं दोघांचं ठरलं, तर आधी आपण टेबलावर झोपायचं.

जय भीम.