मोठेबाबांचं गॅरेज रॉक

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की आपल्यातल्या निम्म्या पब्लिकचा एकच उद्योग असतो. हेडफोन कानात, प्लेलिस्ट ऑन आणि शेजारच्याला दिसेल अशा बेताने मोबाइलची स्क्रीन जरा वर! गाणं ऐकणं महत्त्वाचंच, पण 'बघ, मी काय ऐकतेय' हे त्याहून महत्त्वाचं. नाकं मुरडू नका, मी स्वतः या कलेत पीएच.डी. आहे.

कॉलेजात माझा हुकमी एक्का होता 'द किंक्स'. मास कॉमचं पहिलं वर्ष, पुण्यातला कट्टा, सगळे कोल्डप्ले आणि लिंकिन पार्कवर तावातावाने बोलतायत. अशा वेळी मी चहाचा घोट घेत हळूच म्हणायचे, "ते ठीक आहे रे, पण किंक्स ऐकलाय का? सिक्स्टीजचा ब्रिटिश बँड. गॅरेज रॉकचे बापलोक!" समोरचा गार. मग ठरलेला प्रश्न यायचा, "तुला कुठे सापडले हे?" मी खांदे उडवायचे. "असंच... नेटवर शोधता शोधता."

मंडळी, हे साफ खोटं होतं. मला किंक्स सापडले ते केदारखेड्यात.

हो, केदारखेडा. जालन्याहून भोकरदनकडे निघालात की आधी राजूरचा गणपती लागतो, मग पूर्णा नदीकाठचं आमचं गाव. तिथे माझ्या मोठेबाबांचं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचं, गॅरेज आहे. मोटरसायकल, ट्रॅक्टर, पाण्याचं इंजिन, जे बंद पडेल ते इथे येतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथेच पडीक असायचे. ऑइलचा वास, पत्र्याचं ऊन आणि फळीवर एक टेपरेकॉर्डर. त्यात दुपारी, गिऱ्हाईक नसताना, एकच कॅसेट वाजायची. कव्हरवर बॉलपेनने देवनागरीत लिहिलेलं, 'किंक'. शेवटचा 'स' तेलाच्या बोटाने पुसला गेला होता.

मोठेबाबांची स्टोरी अशी. १९७२ चा दुष्काळ पडला आणि मराठवाड्यातून माणसं मिळेल त्या गाडीने मुंबईकडे सुटली. मोठेबाबा तेव्हा अठरा वर्षांचे. गिरगावात एका पारशी शेठच्या मोटर गॅरेजमध्ये चिकटले, तिथेच झोपायचे. शेठचा धाकटा मुलगा रेकॉर्डवेडा. रात्री उशिरा काम चाललं की तो वरच्या खोलीत रेकॉर्ड लावायचा आणि खिडकी उघडी ठेवायचा. खाली गाडीच्या पोटाखाली आडवे पडलेले मोठेबाबा ऐकायचे. इंग्रजी शून्य. पण गाणं कळायला इंग्रजी लागतं असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! १९८३ मध्ये ते गावी परतले, तेव्हा धाकट्या शेठने एक कॅसेट भरून हातात ठेवली. झाली ही आमच्या घराण्याची म्युझिक लायब्ररी.

गाण्यांची इंग्रजी नावं त्यांना येत नव्हती, म्हणून त्यांनी आपली ठेवली. 'यू रिअली गॉट मी' हे 'बुलेटचं गाणं', कारण सुरुवातीलाच किक बसते आणि इंजिन धडधडतं. 'सनी आफ्टरनून' हे 'उतरतं गाणं', कारण ते सुरुवातीपासूनच पायऱ्या उतरत येतं. पुढे मी वाचलं की खरंच त्यात बेस गिटारचे सूर एकेक पायरी खाली येतात. समीक्षकांना जे लिहायला परिच्छेद लागतो, ते आमच्या माणसाने एका शब्दात उरकलं होतं.

आता जरा बँडविषयी, म्हणजे पुढच्या पार्टीत तुम्हालाही भाव खाता येईल. रे आणि डेव्ह डेव्हिस हे उत्तर लंडनच्या मसवेल हिल भागातले दोन भाऊ. सहा बहिणींच्या पाठीवर झालेले. बेसवर पीट क्वेफ, ड्रम्सवर मिक एव्हरी. पहिल्या दोन रेकॉर्ड आपटल्या. तिसरी ऑगस्ट १९६४ मध्ये आली, तीच ही 'यू रिअली गॉट मी', आणि सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर. त्यातला गिटारचा तो खरखरीत, चिडका आवाज तोवर पॉप रेकॉर्डवर फारसा कुणी ऐकला नव्हता. तो आला कुठून? सतरा वर्षांच्या डेव्हने आपल्या छोट्या हिरव्या अॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने फाडला! फाटलेला कागद थरथरतो, सूर फाटतो, आणि तो फाटका सूर मोठ्या अॅम्प्लिफायरमधून बाहेर काढायचा. एवढीच आयडिया. अमेरिकेतली पोरं आपापल्या घरच्या गॅरेजमध्ये गिटारी घेऊन असंच काहीतरी वाजवू लागली आणि या प्रकाराला पुढे नाव पडलं गॅरेज रॉक. १९७८ मध्ये व्हॅन हेलनने हेच गाणं पुन्हा वाजवलं. आजही नवशिका गिटारवाला पहिल्या आठवड्यात ते छळून काढतो.

पडद्याचा किस्सा मी मोठेबाबांना सांगितला तेव्हा ते पान्हा खाली ठेवून हसले. "आपण पडदा फाटला की स्पीकर बदलतो. ह्या पोट्ट्यानं चांगला होता तो फाडला! अन् लोकायला आवडलं?"

आवडलं म्हणजे काय, आपल्याकडेही ताप चढला होता. १९६५ चा 'गुमनाम' आठवतोय? 'जान पहचान हो' मध्ये चेहऱ्यावर मुखवटे चढवून गिटारी झोडपणारी पोरं, टेड लायन्स अँड हिज कब्ज, हा खराखुरा मुंबईचा बँड. त्याच गाण्यावर २००१ च्या 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकन सिनेमातली नायिका आपल्या खोलीत बेभान नाचते. पुढे एका सिगारेटच्या ब्रँडने सिमला बीट नावाची बँडची स्पर्धा भरवली. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांच्या रेकॉर्ड निघाल्या आणि परदेशातले संग्राहक आजही त्या शोधत फिरतात. कॉलेजची पोरं ऑफिसची चाकरी आणि बँड दोन्ही सांभाळत होती. आपल्यासारखीच!

पण खरी गंमत पुढे आहे. ती मला कळली तेव्हा मी ऑफिसच्या डेस्कवर चक्क ओरडले होते.

जानेवारी १९६५. किंक्स मॅनफ्रेड मॅन आणि द हनीकोम्ब्ज या बँडबरोबर ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघाले आणि वाटेत मुंबईत थांबले. रे डेव्हिस वीस वर्षांचा. पहाटे त्याला जाग आली, तो समुद्राकडे गेला. लांबून गाण्यासारखं काहीतरी ऐकू यायला लागलं. हळूहळू आवाज जवळ आला. मासेमार होते, खांद्यावर जाळी घेऊन कामाला निघालेले, एका सुरात म्हणत. मुंबईचा किनारा, पहाट, जाळी आणि गाणं. आपल्याला अंदाज करायला फार वेळ लागत नाही. बहुधा आपलेच कोळी!

तो सूर रेच्या डोक्यात बसला तो उठलाच नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये 'सी माय फ्रेंड्स' आलं. त्यात सतार नाही, पण गिटार तंबोऱ्यासारखी एकाच सुरावर घुमत राहते. बीटल्सची सतारवाली 'नॉर्वेजियन वुड' आली डिसेंबर १९६५ मध्ये. म्हणजे इंग्रजी पॉपमध्ये हिंदुस्थानी रंग आला त्याची सुरुवात, रविशंकरांचं नाव तिकडे घरोघरी पोचण्याआधी, मुंबईच्या वाळूवर झाली होती. या गाण्यामागे आणखी एक माणूस आहे. रेची थोरली बहीण रेनी. १९५७ मध्ये तिने त्याला तेराव्या वाढदिवसाची भेट म्हणून गिटार दिली आणि वाढदिवसाच्या आदल्या रात्री नाचघरात नाचता नाचता ती गेली. नदीपलीकडे गेलेल्या माणसांचं ते गाणं तिच्याविषयी असल्याचं रेने नंतर सांगितलं आहे.

या सगळ्यात मला एक गोष्ट चटका लावून गेली. रे डेव्हिस पुढे स्टार झाला, १९९६ मध्ये बँड फुटला, २०१७ मध्ये तो 'सर' झाला. पण या गाण्याविषयी विचारलं की तो मुंबईच्या त्या मासेमारांचा विषय काढत आलाय. आपल्याला ही चाल स्वप्नात पडली, असं तो सहज ठोकून देऊ शकला असता. कोण येणार होतं तपासायला?

आणि मी? माझ्याकडे तर नाव, गाव, पत्ता सगळं होतं.

आता लपवलेली गोष्ट सांगते. सेकंड इयरला मोठेबाबा काही कामाने पुण्याला आले होते. मोसंबीची पिशवी घेऊन थेट कट्ट्यावर हजर. पांढरा पायजमा, शर्टाच्या खिशात टेस्टर. नेमका एका मित्राच्या लॅपटॉपवर मीच लावायला सांगितलेलं किंक्सचं गाणं सुरू होतं. मोठेबाबांचा चेहरा उजळला. म्हणाले, "हे तं बुलेटचं गाणं हाये ना गं?" पोरांना काहीच कळलं नाही, दोघं-तिघं हसले. आणि मी म्हणाले, "चला मोठेबाबा, तुमची एसटी चुकेल." एसटीला दोन तास अवकाश होता.

ते काही बोलले नाहीत. शिवाजीनगरला बसमध्ये बसताना फक्त म्हणाले, "मोसंबी मैत्रिणीयला दे." परत आल्यावर कुणीतरी विचारलं, कोण होते गं? मी म्हणाले, "गावाकडचे नातेवाईक."

या दिवाळीत केदारखेड्याला गेले. गॅरेज आहे, टेपरेकॉर्डर आहे, कॅसेट मात्र दोन वर्षांपूर्वी गुंतून तुटली. मोठेबाबांनी ती टाकली नाही, नट-बोल्टच्या डब्यात ठेवलीय. कानाला कमी ऐकू येतं आता, आयुष्यभर इंजिनांच्या शेजारी काढल्यावर दुसरं काय होणार. मी माझे मोठे हेडफोन त्यांच्या कानावर चढवले आणि 'सी माय फ्रेंड्स' लावलं. त्यांच्या कॅसेटवर हे गाणं नव्हतं. डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग मी त्यांना मुंबईची ती पहाट सांगितली.

"मग त्या कोळ्यायची नावं काय होती?"

"माहीत नाही मोठेबाबा. तेव्हा कुणी विचारलीच नाहीत."

"हं." थोडा वेळ थांबून म्हणाले, "पण त्यानं सांगितलं तरी. लई लोक तं सांगतबी नाहीत."

त्यांनी ते मला उद्देशून म्हटलं नव्हतं. मोठेबाबा टोमणे मारणारे नाहीत, इंजिनाला काय झालंय तेवढंच सांगतात. पण मला बरोबर लागलं. मग मी सगळं ओकले. नेटवर शोधल्याची थाप, एसटीचे दोन तास, गावाकडचे नातेवाईक, सगळं. त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "मला तवाच कळलं होतं, पोरी. एसटीचा टाइम मह्या पाठ असतोय." आणि ओळखीचं हसले. मला रडू आलं, त्यांनी ऑइलचं फडकं पुढे केलं. तेच सापडलं जवळ!

मी म्हटलं, यावर कॉलम लिहू? नावासकट? तर म्हणाले, नाव नको, गावात उगाच चर्चा. गॅरेजचं लिही, गिऱ्हाईक येईल. म्हणजे मी क्रेडिट द्यायला निघाले आणि माझाही माणूस त्या मासेमारांसारखा बिननावाचाच राहिला. पण निदान गाव तरी छापून आलं.

लंडनमध्ये फॉर्टिस ग्रीनला डेव्हिस बंधूंच्या घरासमोर क्लिसोल्ड आर्म्स नावाचा पब होता. दोघा भावांनी सुरुवातीला तिथे गाणी वाजवली. वर्षानुवर्षं जगभरचे चाहते तिथे जाऊन आपण पहिल्यांदा किंक्स कुठे ऐकले ते एकमेकांना सांगत आले. मला तिथे जायला मिळेल तेव्हा मिळेल. कुणी विचारलं तर उत्तर आता तयार आहे: केदारखेडा, मेन रोड, पत्र्याचं शेड, दुपारी दोनच्या सुमारास.

आता तुमची पाळी. मोबाइल काढा, आपल्या प्लेलिस्टमधलं सगळ्यात भाव खाऊन जाणारं गाणं बघा. ते तुम्हाला कुणी ऐकवलं होतं? हॉस्टेलची रूममेट, एक्स, आत्या, कोपऱ्यावरचा सलूनवाला? या वीकेंडला एक फोन करा त्यांना. फार काही बोलायचं नाही, गाणं लावायचं आणि फोन स्पीकरजवळ धरायचा. ते ओळखतील बरोबर.

मी मोठेबाबांची ती तुटलेली टेप पुण्याला आणलीय. एक कॅसेटवाला काका सापडलाय, जोडून देतो म्हणाला. मधली दोन सेकंदं जातील म्हणे. जाऊ देत!